घोडा का अडला?

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत घोडेस्वारी शिकणाऱ्यांसाठी जो पानभर लेख आला तो मी दोनदा वाचला. फोटो मस्त होते, आणि घोड्यालाही शिकवावं लागतं, तो काही आईच्या पोटातून लगाम समजून येत नाही, हे कोणीतरी छापलं याचं बरं वाटलं. पण मधे तीन वाक्यं अशी होती की ती वाचून पेपर बाजूला ठेवला आणि हे लिहायला बसले. एक, थांबवायचं असेल तर लगाम ओढा आणि ओढूनच धरा. दोन, चालत नसेल तर टाचा मारा, आणि चालायला लागला तरी मारत रहा म्हणजे ढिला पडणार नाही. तीन, काही झालं तरी घोड्याला जिंकू देऊ नका.

लहानपणी आपल्या सगळ्यांना ते कोडं घातलेलं असतं ना, घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, आणि तिन्हीचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. पानाचं आणि भाकरीचं मला मान्य आहे. घोड्याचं उत्तर मात्र मी बदललंय. माझ्या बघण्यात जेवढे घोडे अडले त्यातले बरेचसे न सोडल्यामुळे अडले, म्हणजे कोणीतरी लगाम ओढला आणि सोडलाच नाही, टाच लावली आणि काढलीच नाही. सगळं पत्र एवढ्यावरच आहे. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण सोडण्याबद्दलचा भाग तेवढा ठेवा.

आधी माझी स्वतःची फजिती सांगते म्हणजे मी शहाणपणा शिकवायला आलेय असं वाटणार नाही. चार वर्षं दुसऱ्यांच्या घोड्यांवर रपेट मारून झाल्यावर मी स्वतःची पहिली घोडी घेतली, तरुण, नुकतीच खोगीराला सरावलेली, काळीभोर म्हणून नाव काजळी. आली तेव्हा पोटरी नुसती टेकवली तरी निघायची. तीन महिन्यांनी टाच लागायला लागली, सहा महिन्यांनी छडी, आणि वर्ष व्हायच्या आत अशी वेळ आली की मी वर बसून धपाधप टाचा मारतेय आणि ही बाई कान मागे टाकून मैदानाच्या मधोमध उभी. मी सगळ्यांना सांगायचे की घोडी आळशी निघाली, अडेलतट्टू आहे, विकणाऱ्याने फसवलं.

आमच्या पागेत एक म्हातारे मास्तर होते, ते फार बोलायचे नाहीत. एक दिवस म्हणाले उतर. स्वतः बसले. पोटरी लावली, काही नाही. मग छडीने मांडीच्या मागे टकटक, टकटक, जोरात नाही पण थांबत पण नव्हते, आणि काजळीने एक पाय, एकच पाय, पुढे टाकला तर मास्तरांचे पाय जे शांत झाले, जसे काही वर माणूसच नाही. छडी बंद, लगाम सैल, नुसते बसून राहिले. मला वाटलं झालं, एका पावलात खूश, लाडावतायत. मग परत पोटरी. दहा मिनिटांत ती पोटरीवर निघत होती, छडी हातात होती पण वापरली नव्हती.

मग खाली उतरून त्यांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले डोळे मीट, मी काय सांगतोय ते ओळख. दोरीला हलकी ओढ आली. मी हात उजवीकडे नेला, ओढ तशीच. मी मागे खेचलं, ओढ तशीच, वाढली नाही आणि कमी पण झाली नाही. मग एक पाऊल पुढे टाकलं आणि दोरी एकदम सैल. अच्छा, हे पाहिजे होतं. दुसऱ्यांदा ओढ आली तशी मी लगेच पुढे आले, आणि तिसऱ्यांदा तर त्यांची बोटं दोरीवर आवळली तेवढंच मला कळलं आणि मी निघाले. एवढं झाल्यावर त्यांनी लबाडी केली. मी पुढे आले तरी दोरी सोडली नाही. अजून एक पाऊल टाकलं, नाही सोडली. डावीकडे गेले, मागे गेले, मला कळेना काय पाहिजे, शेवटी वैतागून मी पाय रोवून उभी राहिले आणि दोरी माझ्याकडे खेचून धरली. डोळे उघडले तर मास्तर म्हणतात, "आत्ता तू अडलीस बघ."

त्या दिवशी मला जे कळलं ते पुस्तकांच्या भाषेत निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. नाव भयंकर आहे, वाटतं शिक्षा असेल, पण तसं नाही, इथे निगेटिव्ह म्हणजे वजाबाकी, काहीतरी काढून घेणं. घोड्याला दाब नको असतो. दाब आला की तो उत्तर शोधायला लागतो, डोकं वर करून बघेल, बाजूला सरकेल, लाथ झाडेल, एखादं पाऊल टाकेल, आणि ज्या हालचालीला दाब गेला ती हालचाल त्याच्या लक्षात राहते. ओढ किती जोरात होती याने तो शिकत नाही, ती कधी संपली याने शिकतो. म्हणून वेळ साधणं हेच खरं कौशल्य, अर्धा सेकंद, फार तर एक. त्याने पाऊल टाकलं आणि तुम्ही तीन सेकंदांनी टाच काढली तर मधल्या तीन सेकंदांत त्याने शेपटी झटकली, मान वर केली, कदाचित थांबला पण, आणि त्यातलं जे शेवटी केलं तेच बरोबर उत्तर असं तो समजणार. तो त्याच्या जागी अगदी बरोबर आहे.

आता लेखातलं दुसरं वाक्य परत वाचा, चालायला लागला तरी टाचा मारत रहा. घोड्याच्या बाजूने बघा जरा. चालत नव्हतो तेव्हा मार होता, चालतोय तरी मार आहे, म्हणजे चालण्याचा आणि टाचेचा काही संबंधच नाही. मग तो टाच ऐकायचं सोडून देतो, जसं आपण रोज रात्रभर चालणाऱ्या पंख्याचा आवाज ऐकायचं सोडून देतो. शिकवणीच्या तबेल्यांत जे म्हातारे बिचारे घोडे असतात, ज्यांना लोक दगड म्हणतात, टाच मारली तरी ढिम्म, ते काही जन्मतः ढिम्म नव्हते. दिवसाला पाच नवशिके त्यांच्यावर बसतात, प्रत्येकाचे पाय प्रत्येक पावलाला बरगड्यांवर आपटतात, त्या आपटण्याला काही अर्थ नसतो, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायला घोडा व्यवस्थित शिकतो. चांगला शिकवलेलाच म्हणायचा तो, फक्त जे शिकवायचं नव्हतं ते.

आणि ढिम्म म्हणावं तर कातडी कशी असते बघा या प्राण्याची. माशी बसली तर नेमकी तेवढीच जागा थरथरवून तो ती उडवतो, त्यासाठी कातडीखाली वेगळा स्नायूच आहे. ज्याला माशीचे पाय कळतात त्याला तुमची पोटरी कळत नाही असं कसं होईल. स्पर्शाचं सोडा, नजरेचं बघा. बर्लिनमधे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हान्स नावाचा घोडा होता, क्लेव्हर हान्स म्हणून गाजला, गणित घातलं की खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०४ साली त्याला तपासायला मोठ्या लोकांची समिती बसली, त्यांना कुठे लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या माणसाने बारकाईने प्रयोग केले, १९०७ मधे त्याचं सगळं प्रसिद्ध झालं. तर प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित बोंबलायचं. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढे वाकतो, आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं अगदी जरासं वर उचललं जातं, ते हान्स बघत होता. लोक ही गोष्ट सांगून हसतात की बघा घोड्याला काही गणित येत नव्हतं. मला उलट वाटतं, गणित येण्यापेक्षा हे भारी आहे. एवढ्याशा हालचालीवर थांबणारा प्राणी आपल्याकडे आहे आणि आपण लेखात काय छापतो, तर लगाम ओढून धरा.

बरं आता शिकवायचं कसं. वर बसून सुरुवात करूच नका. आधी जमिनीवर, म्होरकी, म्हणजे लोखंड नसलेला तोंडावरचा साधा पट्टा, आणि एक लांब दोरी. चार गोष्टी पक्क्या करायच्या, पुढे ये, थांब, मागे सर, आणि मागचा भाग बाजूला ने. पुढे आणताना दोरीला हलकी ओढ द्यायची आणि तशीच ठेवायची, वाढवली तरी हळूहळू, झटके नाहीत, आणि त्याने वजन नुसतं पुढे झुकवलं तरी पहिल्या वेळेला सोडायचं. हो, पाऊल पण नाही, नुसतं झुकणं. नंतर पाऊल मागा, मग दोन. लोकांना इथे घाई होते, पहिल्याच दिवशी घोडा अख्ख्या मैदानाला चक्कर मारेल अशी अपेक्षा असते, आणि तो झुकलेला क्षण हुकतो. मागे सरायला दोरी छातीच्या दिशेने, एक पाऊल, सोडा. मागचा भाग हलवायला बरगडीपाशी जिथे पुढे आपली पोटरी येणार आहे तिथेच बोटांनी दाबायचं, मागचा पाय उचलून बाजूला टाकला की बोटं लगेच काढा. हे शेवटचं लोक टाळतात कारण त्यांना ते सर्कससारखं वाटतं, पण वर बसल्यावर एका पायाने बाजूला सरकवणं याच्यावरच उभं राहतं, आणि घोडा बुजून उधळायच्या बेतात असेल तेव्हा एका बाजूची लगाम वळवून मागचा भाग आडवा काढला की त्याचा सरळ पळायचा जोर मोडतो, ते पण याच्यातूनच येतं. अर्थात हे तो पहिली-दुसरी उडी घेतो तेव्हाच. पूर्ण चौखूर उधळलेल्या घोड्याची मान खसकन वळवाल तर दोघंही आडवे व्हाल.

जमिनीवरचं झालं की लांब लगाम लावून घोड्याच्या मागून, जरा बाजूने चालायचं. बरोबर मागे राहू नका, घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं पण थेट पाठीमागचं आणि कपाळासमोरचं जवळचं दिसत नाही, तिथून अचानक कोणी आलं तर लाथ बसते, यात त्याचा दोष नाही. या लांब लगामावर त्याला थांबणं आणि वळणं पाठीवर कोणाचं ओझं नसताना कळतं, म्हणजे एका वेळी एकच नवी गोष्ट. खोगीर, पट्टा, रिकिबी लटकणं, पाठीवर आधी आडवं पडून वजन देणं, हे सगळं टप्प्याटप्प्याने, त्यावर मी जास्त लिहित नाही, तुमच्या लेखात ते ठीक होतं. वयाचं मात्र लिहायला पाहिजे होतं. घोडा मोठा दिसतो म्हणजे मोठा झालेला नसतो, पाठीच्या मणक्यांची हाडं पूर्ण पक्की व्हायला पाच-साडेपाच वर्षं जातात, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या घोड्यावर बसायचं तर थोडा वेळ आणि हलका माणूस. आणि मोठ्या घोड्याला सुद्धा स्वार अधिक खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या पुढे नेऊ नये असा साधारण हिशोब आहे. ४०० किलोचा घोडा असेल तर ८० किलो, त्यात खोगीर पण आलं.

वर बसल्यावर भाषा चार-पाच शब्दांची आहे. दोन्ही पोटऱ्या म्हणजे पुढे. दोन्ही लगामा म्हणजे सावकाश किंवा थांब. एक लगाम बाहेरच्या बाजूला उघडली, म्हणजे हात तिकडे नेला, की तिकडे वळ. एक पोटरी जरा मागे म्हणजे मागचा भाग सरकव. बस. गंमत अशी की प्रत्येक शब्दाला एकच अर्थ पाहिजे, आणि माणूस तिथेच माती खातो. वळवताना लगाम बाजूला उघडायच्या ऐवजी मागे खेचतो, मग घोडा वळताना मंदावतो कारण मागे म्हणजे हळू हे तुम्हीच शिकवलंय, तो मंदावला म्हणून तुम्ही टाच मारता, आता तोंडात थांब आणि बरगडीवर चल. एकाच वेळी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडीचं जे होतं तेच. फरक एवढाच की गाडी सहन करते, घोडा आधी डोकं वर टाकतो, मग तोंड उघडतो, शेपटी फटकारतो, आणि शेवटी एक तर अडतो नाहीतर उभा राहतो मागच्या पायांवर. मग आपण म्हणतो घोडा वाईट आहे. नव्या घोड्यावर पाय आणि हात एकत्र वापरूच नका, पाय तेव्हा हात नाही, हात तेव्हा पाय नाही, पुढे दोघांचं पक्कं झाल्यावर बघता येईल.

विचारायची पण पद्धत असते. आधी हलकं, जेवढ्यावर तुम्हाला पुढे आयुष्यभर काम व्हायला पाहिजे तेवढंच हलकं. नाही ऐकलं तर लगेच त्याच्या मागोमाग जरा स्पष्ट, तरी नाही तर छडीची टकटक, आणि ती टकटक उत्तर मिळेपर्यंत बंद करायची नाही, कारण मधेच दमून थांबलात तर उभं राहिलं की टकटक थांबते हे शिकवून बसलात. मिळालं उत्तर की सगळं बंद. पुढच्या वेळेला परत सगळ्यात हलक्यापासून सुरुवात, हे विसरतात लोक, एकदा छडी लागली की दरवेळी छडीपासूनच चालू करतात, मग हलकं कशाला ऐकेल तो. काजळीच्या बाबतीत माझं नेमकं हेच झालं होतं. मी टाचेपासून सुरू करायचे आणि ती निघाली तरी टाच चालूच, वर ती वेग पकडायला लागली की घाबरून लगाम घट्ट.

थांबवायचं तसंच. बोटं आवळा, गरज पडली तर थोडं अजून, तो थांबला की बोटं उघडा, त्याच क्षणी. आपण काय करतो, थांबला की आपल्याला हुश्श होतं आणि लगाम तशीच हातात ताणलेली राहते, गप्पा मारत बसतो. लगामाचं लोखंड तोंडात कुठे बसतं ते एकदा घोड्याचे ओठ उघडून बघा, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधे जी मोकळी जागा असते तिथे, खाली हाड आणि वर पातळ हिरडी. तिथे पाच मिनिटं ओढ धरून ठेवली तर ती हिरडी बधिर होईल किंवा दुखेल, पण थांबणं शिकेल असं काही होणार नाही. तोंडाचा कडक घोडा जो म्हणतात तो असा तयार होतो. मग त्याला अजून कडक लोखंड लावतात. नाकावरचा पट्टा आवळतात म्हणजे तोंड उघडून तक्रार पण करता येऊ नये. पट्टा आणि नाकाचं हाड यांच्यामधे माणसाची दोन बोटं आरामात गेली पाहिजेत, नाही गेली तर तो पट्टा त्याचं तोंड बंद ठेवायला बांधलाय.

आवाजाचं एक सांगते कारण तुमच्या लेखात ते उलटं होतं. हो, घोडा शब्द शिकतो, पण क्रम महत्त्वाचा. आधी शब्द, मग लगेच ओळखीची खूण. "चल" म्हणा, एक क्षण थांबा, मग पोटरी. असं काही दिवस केलं की शब्दावरच निघेल कारण त्याला कळतं आता पोटरी येणार. पोटरी आणि शब्द एकदम दिलात, किंवा आधी पोटरी आणि मग शब्द, तर तो पोटरीच ऐकेल, शब्द त्याच्यासाठी नुसता आवाज. हीच युक्ती बसण्याला लागू आहे. थांबायच्या आधी तुम्ही दरवेळी श्वास सोडून कंबर स्थिर केलीत आणि मग बोटं आवळलीत, तर थोड्या दिवसांनी बोटं लागतच नाहीत, तुम्ही श्वास सोडता आणि तो थांबतो. बघणाऱ्याला वाटतं मनातलं ओळखलं. हान्सच तो, फक्त खोगीराखालचा.

आता जे कोणी आवडीने ऐकत नाही ते. वरची सगळी भाषा फुकट आहे जर तुमची स्वतःची मांड पक्की नसेल. ज्याचा तोल लगामेवर आहे, म्हणजे दुडक्या चालीत जो हातांनी लटकतो, त्याच्या हातातून घोड्याला मिनिटाला शंभर वेळा थांब असं ऐकू जातं आणि त्यातलं एकही खरं नसतं. दुडक्या चालीत, ट्रॉट म्हणतात ती, घोडा तिरक्या जोडीने पाय टाकतो, पुढचा डावा मागचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी, दोन ठोके, म्हणून तिच्यात सगळ्यात जास्त हिसके बसतात. कदम चालीत चार ठोके सुटे असतात म्हणून ती मऊ, कँटरमधे, म्हणजे दुडकीच्या पुढच्या धावत्या चालीत, तीन. नवशिक्याला लंजच्या दोरीवर, म्हणजे मधे उभ्या माणसाच्या हातातली लांब दोरी, घोडा दुसऱ्याच्या ताब्यात आणि लगाम हातातच नाही, असं पाचपंचवीस वेळा बसवावं आणि मग लगाम द्यावी असं माझं मत आहे. लोक म्हणतात यात मजा नाही. नवशिका आणि नवा घोडा ही जोडी तर कधीच लावू नका, दोघांपैकी एकाला तरी यायला पाहिजे.

अजून एक समज सगळीकडे ऐकू येतो की घोड्याच्या मेंदूचे दोन भाग जोडलेले नसतात म्हणून डाव्या बाजूला शिकवलेलं उजव्या बाजूला माहीत नसतं. मेंदू जोडलेला असतो, एका डोळ्याने बघितलेलं दुसऱ्या डोळ्याला ओळखता येतं हे प्रयोगात दिसलेलं आहे. पण दोन्ही बाजूंनी शिकवावं लागतं हे खरंच. तीच वस्तू उलट्या बाजूने वेगळी दिसते, तोच दाब कातडीच्या दुसऱ्या जागेवर येतो, आणि आपण स्वतः एका हाताने हुशार आणि दुसऱ्याने अनाडी असतो. शिवाय आपण सगळं डावीकडूनच करत आलोय, चढतो डावीकडून, तलवार डाव्या कमरेला लटकायची त्या जमान्यापासून. तलवारी गेल्या, सवय राहिली. अधूनमधून उजवीकडून चढून बघा, घोड्यापेक्षा तुमचीच जास्त फजिती होईल.

वेळ किती द्यायचा तर कमी. पंधरा-वीस मिनिटं नव्या गोष्टीला, आणि जमलं की तिथेच थांबायचं, अजून एकदा म्हणून बिघडवायचं नाही. १९८० साली पोनींवर एक प्रयोग झाला होता, काहींना रोज शिकवलं, काहींना आठवड्यातून दोनदा, काहींना एकदाच, तर आठवड्यातून एकदा शिकणाऱ्यांना शिकायला सगळ्यात कमी खेपा लागल्या. दिवस अर्थातच जास्त गेले, ते सांगायला पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल बरं झालं रविवारीच जातो. पण दोन दिवस सुट्टी पडली की घोडा विसरेल ही भीती नको.

शाबासकीचं. धपाधप थापा मारतात मानेवर, टाळ्या वाजवल्यासारखं, घोड्याला त्यात काय सुख असेल मला कळत नाही. घोडे एकमेकांना थोपटत नाहीत, मान आणि पाठ जुळते तिथे, आयाळ संपते त्या उंचवट्यावर, दातांनी खाजवतात. त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात हे १९९३ मधे मोजून दाखवलेलं आहे. वर बसल्या बसल्या हात तिथेच पोचतो, मग थापा कशाला. खाऊ देऊन शिकवणारे पण आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही, चांगलं काम होतं त्याने, पण तिथेही वेळ साधावीच लागते आणि ज्याला ती साधत नाही त्याच्या घोड्याला खिसे हुंगायची सवय लागते, पुढे चावायची.

आणि हे सगळं करून घोडा ऐकत नसेल, किंवा कालपर्यंत ऐकत होता आणि आज अचानक नाही, तर आधी दुखतंय का बघा. दात, पाठ, खोगीराचं बसणं, खूर, पाय. स्यू डायसन या पशुवैद्यक बाईंनी स्वार वर असताना घोडा काय काय करतो त्या २४ गोष्टींची यादी केली आहे, कान मागे, तोंड उघडं, शेपटी फटकारणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, डोकं एका बाजूला वाकडं धरणं वगैरे, आणि त्यातल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच. त्या यादीतल्या अर्ध्या गोष्टींना आपण नखरे म्हणतो. काजळीला मी छडी मारत होते त्या महिन्यांत तिचं खोगीर खांद्याला टोचत होतं, हे पण मास्तरांनीच हात घालून दाखवलं. ते मी वर मुद्दाम सांगितलं नाही, सांगायला जड जातं अजून.

राहिलं तिसरं वाक्य, जिंकू देऊ नका. घोड्याला जिंकणं माहीत नाही हो साहेब. दाब आहे आणि दाब गेला, एवढ्या दोनच गोष्टी त्याच्या हिशोबात आहेत. हार-जीत तुम्ही वर बसून मनात धरता, आणि एकदा ती मनात आली की हात सुटत नाही, कारण सोडणं म्हणजे हरणं वाटतं. त्या एका वाक्याने नवशिक्यांचं जेवढं नुकसान होईल तेवढं बाकीच्या दोन्हींनी मिळून होणार नाही. शिस्त नको असं मी म्हणत नाहीये, पाचशे किलोचा प्राणी अंगावर येऊन उभा राहिला तर त्याला मागे सरकवलंच पाहिजे, रोज, प्रत्येक वेळी. पण मागे सरकला की हात खाली.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर चौकट करून दुरुस्ती छापा, थांबला की लगाम सोडा आणि निघाला की पाय शांत ठेवा. दोन ओळींची जागा लागेल. लेखकाला माझा नमस्कार सांगा, राग नाही, मी स्वतः एक वर्ष तेच केलंय जे त्यांनी लिहिलंय.

काजळी आता म्हातारी झाली आहे, तिच्यावर आता कोणी बसत नाही. संध्याकाळी म्होरकी घालून फिरवते, दोरी हातात असते पण सैलच, मी श्वास सोडला की ती थांबते, मग मी त्या उंचवट्यावर खाजवते आणि ती खालचा ओठ लोंबवून उभी राहते.

आपली,
एक जुनी वाचक